‘रेस द्या, आवाज जातो’ : ऊसवाहतुकीच्या ग्रुपवरच्या मेसेजला एका फिटरचं उत्तर

गळीत हंगाम आणि थंडी एकदमच येतात, आणि त्यांच्यासोबत हा मेसेजही येतो. यंदा चार ड्रायव्हरांनी तो मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा : “थंडीत ट्रक सुरू करताना येणारा आवाज गोठलेल्या ऑइलचा असतो. सेल्फ (स्टार्टर) मारला की दहा मिनिटं चांगली रेस द्या. आवाज गेला म्हणजे इंजिन ठणठणीत. नाही गेला तर जाड ऑइल घाला. गाडी उचलतच नसेल तर एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरा.”

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला मी बरीच वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय. या सल्ल्यानं वाया गेलेली इंजिनं माझ्यासमोर आली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“ऑइल गोठतं.” कोल्हापुरात नाही गोठत. डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा सहसा १२ ते १६ अंशांच्या आसपास असतो, कडाका पडला तर आणखी थोडा उतरतो. ट्रकमध्ये आपण सर्रास घालतो त्या १५डब्ल्यू-४० ऑइलमधला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि १५ नंबरच्या ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर होते. लडाखसाठी २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल काढावं लागलं, ती थंडी वेगळी. आपल्याकडे पहाटे ऑइल थोडं दाट असतं, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटपर्यंत पोचायला दोन-चार सेकंद जास्त घेतं, एवढंच. इतक्या थंडीत मोठा आवाज येत असेल तर काहीतरी आधीच झिजलेलं आहे.

“दहा मिनिटं रेस द्या.” सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरलेलं असतं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचंच ऑइल लागतं आणि रेस दिली की टर्बोचे फेरे मिनिटाला लाखाच्या घरात जाऊ शकतात. ऑइल पोचायच्या आत रेस म्हणजे कोरड्या बेअरिंगवर तो वेग. गेल्या हंगामात एक ऊसगाडी ओढून आणली होती. पोरगा रोज पहाटे कारखान्याच्या यार्डात मेसेजप्रमाणे रेस देत होता. चेंबर उघडलं तर बिगेंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, बेअरिंग पुसून गेलेलं आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) तापून निळा पडलेला. त्या पोराचा दोष नव्हता, त्याला तसंच सांगितलं होतं.

सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि नजर ऑइलच्या गेजवर ठेवा. दहा सेकंदांत दाब दाखवला नाही तर इंजिन बंद करा. दाब आला की दोन-तीन मिनिटं आयडलवर (रेस न देता) चालू द्या, मग पहिले चार-पाच किलोमीटर हळू न्या. इंजिन चालत्या गाडीत जितकं नीट गरम होतं तितकं उभ्या गाडीत होत नाही. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी तासभर आयडलवर ठेवली तर सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी साठते, ते वेगळंच.

“आवाज गेला म्हणजे ठणठणीत.” इथं जरा थांबतो, कारण निदान सगळं इथंच आहे.

आधी इंजिन उचलायच्या, म्हणजे सुरू व्हायच्या, अगोदरचे आवाज. भराभर टकटकटक होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर क्षार चढलाय. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. एक बरोबर आणि एक खाली असेल तर दोष सापडला. एकच ठक होऊन शांत झालं तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फ बघा. घर्रर्र झालं तर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात. सेल्फ फिरता फिरता दगडाला आपटल्यासारखा थांबला तर पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल उतरलेलं असू शकतं, आणि जबरदस्ती केली की कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन उचलल्यावर पांढऱ्या धुरासोबत कडक ठकठक आली तर सिलिंडर गार आहे, डिझेल उशिरा पेटतंय. मिनिट-दोन मिनिटांत सगळीकडून सारखं शांत होत असेल तर हरकत नाही. एकच सिलिंडर मागे राहत असेल तर त्याचं डिझेल फवारणारं नोझल बघावं लागेल. जुन्या पंपाच्या गाडीत एकेक नोझलचा नट सैल करून ते शोधायचो. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या, गाडीत हे चुकूनही करू नका. त्या पाइपात हजार बारच्याही वर दाब चढतो, डिझेल कातडी फोडून आत जातं.

आता जे आवाज गरम झाल्यावर जातात ते. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती असेल तर गार असताना टिकटिक होते आणि लोखंड फुगलं की ती फट मिटते. पुष्कळजण तिला टॅपेट समजून टॅपेट आवळत बसतात. जोडावर काजळीचा माग दिसतो का बघा. टॅपेटचा ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पडतो, म्हणून तो संथ लागतो. पिस्टन झिजला असेल तर पोकळ टपटप येते. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडापेक्षा दुप्पट फुगतं, म्हणून गरम झाल्यावर तीही थांबते. आणि क्रँक ज्यात फिरतो ते मेन बेअरिंग झिजलेलं असेल तर सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंद खोल धडधड होते, दाब चढला की गप्प. मेसेजच्या हिशेबानं हे इंजिन पास झालं! पुढं लोड घेऊन चढाला लागल्यावर, ऑइल गरम होऊन पातळ झालं, की तोच ठोका परत येतो. गरम होताना वाढणारा आवाज ऐकला तर गाडी जागेवर उभी करा.

सकाळची चीं चीं मात्र बहुतेक वेळा पट्ट्याची असते. पट्ट्यावर थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर पट्टा सैल, क्षणभर थांबून परत आला तर पुली वाकडी.

“जाड ऑइल घाला.” जाड ऑइल पहाटे आणखी उशिरा वर चढतं. ठोका दबतो, झीज वाढते. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल घाला.

“पेटती चिंधी धरा.” यार्डात चारी बाजूंना वाळलेलं पाचट असतं, शेजारी दुसऱ्याची भरलेली गाडी असते. तिथं आग धरायला सांगणाऱ्याला मी हात जोडून विनंती करतो, हे वाक्य तरी काढा. पेटता धागा ओढला गेला तर फिल्टर पेटतो, नाहीतर टर्बोत जातो. गाडी उचलत नसेल तर लाइनमध्ये हवा धरली आहे का, डिझेल फिल्टरमध्ये पाणी आहे का, एवढं आधी बघा.

माझी अडचण अशी की गाडी माझ्याकडे येईपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर पळून गरम झालेली असते. पहाटेचा आवाज मला ऐकायलाच मिळत नाही. म्हणून सेल्फ मारण्याआधी क्लीनरला फोन घेऊन इंजिनापाशी उभा करा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आवाज घेऊन ठेवा. जमलं तर गाडी आदल्या संध्याकाळीच लावून जा. सकाळचा सेल्फ मी मारतो.