आघाताची जागा आणि अर्थ
'आघाताची जागा बदलली तर फार तर बोलण्याचा ढंग बदलतो, अर्थ नाही', हे आघातावरच्या, म्हणजे शब्द उच्चारताना एखाद्या अक्षरावर दिलेल्या जोरावरच्या, लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. स्पॅनिशमधला 'तेर्मिनो' घ्या. आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल, म्हणजे शब्द प्रोपॅरॉक्सिटोन असेल, तर अर्थ 'शेवट' किंवा 'संज्ञा'. उपांत्य अक्षरावर, म्हणजे पॅरॉक्सिटोन, तर 'मी संपवतो'. आणि अंत्य अक्षरावर, ऑक्सिटोन, तर 'त्याने संपवलं'. अक्षरं तीच, क्रमही तोच! स्पॅनिश शिकताना मी कितीतरी दिवस 'त्याने संपवलं' म्हणायच्या जागी 'मी संपवते' असंच म्हणत होते, कारण मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे कानाला तो फरक कळतच नव्हता.

आणखी एक. ऑक्सिटोन म्हणजे 'अंत्य अक्षरावर जोर' एवढंच लेखात दिलंय. मूळ ग्रीक शब्द जोराचा नाही, सुराचा आहे: ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण, टोनॉस म्हणजे सूर. प्राचीन ग्रीकमध्ये त्या अक्षरावर सूर चढायचा, वेदपठणातल्या उदात्त या चढ्या सुरासारखा. ग्रीक 'पतेर्' (वडील) आणि वैदिक 'पिता', दोन्हींत तो चढा सूर अंत्य अक्षरावरच आहे. मराठी वाचकासाठी लिहिताना हे नातं यायलाच हवं होतं.