शाळाबाह्य, पण थाटात

सगळ्यात आधी 'मुलाचं शाळेतून नाव काढलं' असं म्हणणं बंद करा. नाव काढतात ते फी थकलेल्यांचं, नाहीतर प्रयोगशाळेच्या काचा फोडणाऱ्यांचं. तुम्ही 'शाळेच्या चौकटीतून बाहेर पडलात'. हे वाक्य आरशासमोर चार वेळा म्हणून पाहा, कारण येत्या महिन्यात ते सासूबाईंना, सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि पोळ्या करणाऱ्या मावशींना ऐकवायचं आहे. बाकीचे मान डोलावतील. मावशी विचारतील, "म्हणजे दिवसभर घरीच का तो आता?" त्यांच्या प्रश्नाचा राग मानू नका. दुपारच्या चार पोळ्या वाढणार, एवढंच त्यांना कळलेलं असतं.

(ज्यांच्या लेकराला शाळेत खरोखर छळलं, किंवा ज्याच्या गरजा एकाही वर्गाला झेपल्या नाहीत, त्या आईबापांनी हा लेख इथंच सोडून द्यावा. त्यांच्यापाशी निवड नव्हती. हा सल्ला निवड करणाऱ्यांसाठी आहे.)

मग तत्त्वज्ञान हवं. ते तयार मिळतं. जॉन होल्ट नावाच्या अमेरिकन शिक्षकानं १९७०च्या दशकात 'अनस्कूलिंग' हा शब्द रुजवला. मूल स्वतःच्या ओढीनं शिकतं, मोठ्यांनी मधे लुडबुड करू नये, असा त्याचा साधारण मथितार्थ. यातला पहिला अर्धा भाग पाठ करा. लुडबुडीचा भाग गाळला तरी चालतो, सगळेच गाळतात.

परदेशी नाव न पचणाऱ्या नातेवाइकांसाठी पंडिता रमाबाई राखून ठेवा. त्या कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईवडिलांनी संस्कृत शिकवलं, तेही देशभर पायी यात्रा करत, पुराणं सांगत. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. इथंच थांबा. ते आईवडील दुष्काळात अन्नान्न करत गेले, हे सांगू नका, पाहुण्यांच्या हातातला कबाब अडकतो. आणि १८४८ चा भिडेवाडा तर अजिबात काढू नका. फुले पतिपत्नींनी मुलींना घरातून बाहेर काढून वर्गात बसवलं, म्हणून लोकांनी शेणाचे गोळे मारले. तुम्ही मुलाला वर्गातून काढून घरात बसवताय आणि लोक टाळ्या वाजवताहेत. काळ किती पुढं गेला पाहा.

कायद्याची धास्ती बाळगू नका. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलंय, पण न घातल्यास शिक्षा लिहिलेली नाही. त्यामुळे तो रुपया वाचला. तो आणि त्यावर आणखी काही हजार तुम्ही 'मुक्त पालकत्व' कार्यशाळेत आपखुशीनं भरालच.

आता वेळापत्रक. हो, वेळापत्रक लागतंच. घंटेचा जाच नको म्हणून शाळा सोडली, तरी फ्रिजवर सात रंगांचा तक्ता लावल्याशिवाय घरात शिक्षण सुरू झाल्यासारखं वाटत नाही. सकाळी सूर्यनमस्कार, मग अबॅकस, मग कोडिंग. मंगळवारी मातीकाम, गुरुवारी पक्षीनिरीक्षण (पक्षी गुरुवारीच दिसले पाहिजेत). मुलांना कंटाळा येऊ द्यावा असं हल्ली सांगतात, म्हणून सव्वाचार ते पावणेपाच 'मुक्त कंटाळा'. त्या अर्ध्या तासात मूल नुसतं छताकडे बघत पडलं असेल तर दार हलकेच उघडून विचारा, "काय रे, नीट कंटाळतोयस ना?"

घरातल्या कामाची वाटणीही ठरवून टाका. बाबांकडे 'दृष्टी' द्या. ही दृष्टी रविवारी सकाळी चहाबरोबर आणि एरवी ऑफिसातून मेसेजवर प्रकट होते. उरलेलं किरकोळ काम, म्हणजे गणित, भाषा, परिसर, हजेरी, डबा, शिस्त, ने-आण आणि संध्याकाळी फोटो टाकणं, हे आईनं करायचं. तिची नोकरी होती ना? ती 'विश्रांती' घेते आहे म्हणायचं. शाळेत हेडमास्तर, बाई, शिपाई आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी अशी चार माणसं लागतात. घरी एकीत भागतं, ही केवढी बचत!

अनुभवातून गणित शिकवायला मंडईत न्या. हा पाठ फार प्रेक्षणीय होतो. तुम्ही गुडघ्यावर बसून, मुलाच्या डोळ्यांत बघत विचारायचं, "मिरची ऐंशी रुपये किलो, तर पाव किलो कितीला बाळा?" बाळ मंडईच्या छताकडे बघेल. तिथं एक कबुतर असेल. ते उडेपर्यंत थांबा, घाई नको, गती त्याची आहे. तेवढ्यात भाजीवालीच्या मागं पोत्यावर बसलेली, निळ्या गणवेशातली पोर वहीतून डोकं न काढता "वीस" म्हणेल आणि दुसऱ्या हातानं चार मिरच्या वरून टाकेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा. तिची शाळा दुपारची असते, महापालिकेची. तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे ती, पण तुम्ही गाडीनं जाता म्हणून दिसली नसेल.

'दहावीचं काय?' असं कुणी ना कुणी विचारणारच. त्यासाठी मुंबईची ती मुलगी आहे. सातवीनंतर शाळा सोडली, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नाही, तरी २०१६ साली थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली होती, हे शेवटी भरभर म्हणायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की शाळा सोडली की पदकं येतात. पदकं नाहीच आली, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तेही नको असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा, आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. पूर्वी चाळीत 'अमक्याच्या बंड्यानं सतरा नंबर भरलाय' हे आवाज उतरवून सांगत. तुम्ही आवाज चढवून सांगा. फॉर्म तोच आहे.

'मुलांत मिसळणार कसा?' या प्रश्नाला मात्र मनापासून हसा. मिसळायला शाळा कशाला हवी? शनिवारी साडेदहाला आपल्यासारख्याच आठ घरांतली नऊ मुलं एका फार्महाऊसवर जमतात, भोवती सोळा पालक असतात आणि सगळे मिळून सहजपणे खेळतात. भांडण झालं की दोन्ही बाजूंच्या भावनांना नाव दिलं जातं.

इथं मला माझा मागचा बाक आठवतो. चौथीत आम्ही त्यावर करकटकानं किल्ले कोरले, चिंचा वाटून खाल्ल्या, बाईंची नक्कल केली. यातलं एकही घरी कळलं नाही. दिवसातले पाच तास आईला माझ्याबद्दल काहीही माहीत नसायचं, आणि मलाही तिच्याबद्दल. तुमच्या घरी असा बाक ठेवायला जागा नाही, हॉल ओपन प्लॅनचा आहे. तेव्हा तो विषय सोडा.

एवढं सगळं जमलं की एखाद्या दिवशी दुपारी बेल वाजेल. वॉचमननं आधी इंटरकॉमवर तीनदा विचारलेलं असेल. दारात गल्लीतल्या त्याच शाळेतल्या बाई उभ्या असतील, खांद्याला पर्स, छातीशी कागदांचं पॅड, उन्हानं लाल झालेल्या. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण चालू आहे, म्हणतील. "घरात सहा ते चौदा वयाचं, शाळेत न जाणारं कुणी?"

तुम्ही चौकटीचं वाक्य म्हणा. एव्हाना छान बसलं असेल.

बाई ऐकून घेतील. मग कागदावर बोट फिरवतील. कारणांच्या रकान्यात स्थलांतर, घरकाम, धाकटी भावंडं सांभाळणं असं काहीबाही असेल. "यात काय लिहू मॅडम?" त्या खरंच अडलेल्या असतील. वरच्या ओळीत तुमच्याच टॉवरच्या मागच्या बांधकामावरचा एक मुलगा असेल, वय नऊ. त्याच्या वरच्या दोघी उसाच्या फडावरून परत आलेल्या. तीही निसर्गाच्या कुशीत, वेळापत्रकाशिवाय, स्वतःच्या गतीनं वाढणारी मुलं, पण त्यांच्या आईबापांनी कार्यशाळा केलेली नसल्यामुळे त्यांना ते नीट सांगता आलेलं नाही.

"शाळेत दाखल करून घेऊ का?" बाई सवयीनं विचारतील. "केव्हाही चालतं. वयाप्रमाणे थेट चौथीत बसवता येईल, कागद नसले तरी." आंतरराष्ट्रीय शाळेनं यासाठी तुमची दोनदा मुलाखत घेतली होती.

नम्रपणे नाही म्हणा आणि पाणी विचारा. बाई पाणी पितील तेवढ्यात तुमचा मुलगा आतून येईल, त्याचा 'मुक्त कंटाळा' चालू असेल. तो त्यांच्या पॅडकडे बघेल आणि विचारेल, "तुमच्या वर्गात किती मुलं आहेत?"

"एकेचाळीस."

"एकाच वेळी?"