काळं पडलेलं प्लांटेन फेकू नका

कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकेतल्या स्वयंपाकाबद्दलची एक पोस्ट सध्या खूप फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: प्लांटेन म्हणजे आपलं कच्चं केळं, ते हिरवं असतानाच वापरायचं, काळं पडलं की फेकायचं. फळ मूळचं तिकडचंच आणि तिकडे ते फक्त तळून खातात.

आधी काळ्या सालीचं बघू, कारण या सल्ल्यापायी चांगलं अन्न कचऱ्यात जातंय. हिरव्या प्लांटेनमध्ये पिष्ट भरपूर असतं. पिकताना त्याची साखर होत जाते आणि साल पिवळी, ठिपकेदार आणि शेवटी जवळजवळ काळी होते. क्युबातले मादुरोस याच काळ्या प्लांटेनचे करतात. तिरके, जाडसर काप मध्यम आचेवर तळायचे. आच मोठी झाली तर साखर करपते आणि कडू लागते. बुरशी धरली किंवा आंबूस वास आला तर जरूर फेका, नुसत्या रंगावरून नको.

आता कच्च्या केळ्याचं. प्लांटेन म्हणजे आपलं कच्चं केळं नव्हे, ती केळ्याचीच एक वेगळी, शिजवून खायची जात. पोर्तो रिकोत साधी कच्ची केळीही खातात. ती उकडून कांदा, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेलात मुरवतात. पण टोस्टोनेसला, म्हणजे दोनदा तळलेल्या चपट्या कापांना, लागतं हिरवं प्लांटेनच. त्याची साल हाताने सुटत नाही. दोन्ही टोकं कापून सालीला उभी चीर द्यायची आणि अंगठा घालून ती उचकटायची. चीक हाताला चिकटतो, म्हणून आधी तेल लावून घ्यावं. बोटाच्या एका पेराएवढे जाड तुकडे मंद तेलात मऊ होईतो तळायचे, गरम असतानाच दाबून चपटे करायचे आणि कडक तेलात पुन्हा तळायचे. गार झाल्यावर दाबले की चिरतात. पोस्टमधली ‘काप करा, तळा, मीठ घाला’ ही कृती वेफर्सची झाली. आपल्याकडे प्लांटेनचं जवळचं नातलग शोधायचंच तर ते वसईची सुकेळी ज्याची होतात ते राजेळी केळं.

फळ तिकडचं? मुळीच नाही. केळीचं मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या पट्ट्यात आहे. १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा या धर्मोपदेशकाने कॅनरी बेटांवरून कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोला केळीची रोपं नेली, अशी ओव्हिएदो या इतिहासकाराची नोंद आहे. पोस्टमध्ये आफ्रिकेचं नावही नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तळलेलं हिरवं प्लांटेन लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत चामडीबरोबर खलात कुटून पोर्तो रिकोत मोफोंगो करतात. ही कुटायची रीत गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या फूफूपासून, म्हणजे उकडलेले कंद कुटून केलेल्या गोळ्यापासून आली.

राहिलं तळण्याचं. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नाश्त्याला मांगू असतं, म्हणजे उकडून घोटलेलं हिरवं प्लांटेन आणि वर व्हिनेगरमधला लाल कांदा. सांकोचोच्या रश्श्यात प्लांटेनचे तुकडे मांसाबरोबर शिजतात. पोर्तो रिकोत नाताळातले पास्तेलेस, म्हणजे किसलेल्या हिरव्या केळ्यांत आणि कंदांत मांसाचं सारण भरलेल्या वड्या, तर केळीच्या पानात बांधून उकळत्या पाण्यात सोडतात.