पैसे कट झाले, स्लिप आली नाही, तर दुकानदाराशी भांडू नका

सांगलीच्या गणपती पेठेत, हरभट रोडला सणाच्या गर्दीत हे हमखास दिसतं. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पैसे कट झाल्याचा मेसेज येतो आणि कार्डाचं मशीन 'डिक्लाइन', म्हणजे व्यवहार नाकारला, असं दाखवतं. दुकानदार म्हणतो, माझ्याकडं आले नाहीत. गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं. दोघंही खरं बोलत असतात आणि तरी आवाज चढतात. बरीच वर्षं दुकानांचे हिशेब लिहितोय, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

कार्ड लावलं की त्या काही सेकंदांत पैसे दुकानदाराकडं जातच नाहीत. मशीन ज्या बँकेचं, ती बँक रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत तुमच्या बँकेला विचारते, एवढी शिल्लक आहे का? तुमची बँक होकार देते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवते. कुठं ती लगेच वजा दिसते, कुठं 'पेंडिंग'. रात्री मशीनवर सेटलमेंट, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा हिशेब बँकेकडं पाठवणं, होतं, मग बँकांचे हिशेब जुळतात आणि त्यानंतर दुकानदाराच्या खात्यात पैसे पडतात, तेही, रुपे डेबिट कार्ड सोडलं तर, कमिशन कापून. होकार परत येताना रेंज गेली तर तुमच्याकडं मेसेज असतो आणि त्याच्याकडं काहीच नसतं. आलेच नाहीत ते पैसे तो परत कुठून देणार?

वस्तू परत करायची असेल तर शक्यतो त्याच दिवशी, सेटलमेंटच्या आधी करा. दुकानदार व्यवहार 'व्हॉइड', म्हणजे रद्द, करू शकतो. सेटलमेंट झालं की रिफंडच, आणि त्याला काही दिवस लागतात. मिरजेच्या दवाखान्यांत कार्डावर डिपॉझिट भरणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. डिस्चार्ज मिळतो, उरलेली रक्कम कार्डावर परत केली म्हणतात, आणि कर्नाटकातून आलेलं कुटुंब रिकाम्या खात्यानिशी गावी निघतं. अशा वेळी रिफंडचा 23 आकडी एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागून घ्या. त्यावरून तुमच्या बँकेला रिफंडचा माग काढता येतो.

मला खरा राग येतो तो बँकेच्या काउंटरवरच्या "येतील, थांबा" या उत्तराचा. किती थांबायचं हे रिझर्व्ह बँकेनं 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात लिहून ठेवलंय. कार्डाचे पैसे कट झाले पण स्लिप निघाली नाही, एटीएममधून नोटा आल्या नाहीत, यूपीआयनं दुकानात दिलेले पोचल्याचं कळलं नाही, तर व्यवहारानंतर 5 दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. यूपीआयनं एखाद्या माणसाला पाठवलेले त्याच्या खात्यात पडले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढं रोज 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं तक्रार करायची वाट न बघता. मार्केट यार्डात हळदीच्या विक्रीची पट्टी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे पैसे अडकले की खतवाल्याची उधारी अडकते. त्याला हा नियम कोण सांगतं? प्रत्येक शाखेत तो ठळक मराठीत लावलाच पाहिजे.

तक्रार लेखी द्या, तिचा नंबर घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी 14448 वर फोन करा. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं भामट्यांचे नंबर असतात. कार्डाच्या मागं छापलेला वापरा.

आणि दुकानदारांनो, डिक्लाइनची स्लिप निघाली तर फाडून टाकू नका, गिऱ्हाइकाच्या हातात द्या. बँकेत ती पुरावा म्हणून दाखवता येते.