पाच दिवसांचं रेशन

शनिवारी माझा योद्धा भिंतीवरून पडला. राक्षसाने ढकललं असतं तर मी बोललो नसतो. पण पोटात अन्न नाही म्हणून पडला, आणि हे मला सुनावणारा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) तेव्हा तिसरा साबुदाणा वडा दह्यात बुडवत होता.

खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', नियम २०१४ चे, अड्डा घोडबंदर रोडला, डीएमच्या घरी. वाळवंटात दहा दिवसांची चाल आणि माझ्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे योद्ध्याची ताकद नि सामान लिहिलेल्या कागदावर, रेशन पाच दिवसांचं. उपाशी गडी तीन दिवस आणि वर काटकपणाचे गुण असतील तेवढे (माझा एकच) तग धरतो, मग थकवा. थकला की चढण्यासारख्या कामाला फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा. एरवी मंत्राने दहा बोरं काढून देणारी, एका बोरात दिवसाचं पोट भरणारी आमची मैत्रीण नेमकी डोंबिवलीला साखरपुड्यात. जेवत असणार.

"रेशन संपलं म्हणजे?" काकू स्वयंपाकघरातून आल्या. "कार्ड कुठलंय, केशरी?"

समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून माझी शीट वाण्याच्या यादीसारखी वाचली.

"माणशी रोज लागतं किती?"

"एक पौंड."

"आणि एका दिवसाच्या रेशनचं वजन?"

"दोन पौंड."

"मग उरलेला पौंड कोण खातो?"

टेबल गप्प. इतकी वर्षं खेळतोय, कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. पाच दिवसांचं म्हणजे दहा पौंड, म्हणजे दहा दिवसांचं! माझा योद्धा जेवून चढला होता! काकूंच्या पाया पडावंसं वाटलं.

"आई, त्यात बांधणीचं वजन धरलंय."

"पौंडभर? पातेल्यासकट देतात का?"

मला खरंच राग येतो. महिनाभर दूधवाल्याचा हिशेब, सिलिंडरची तारीख, सोसायटीचा मेंटेनन्स. शनिवारी तीन तास हातात तलवार येते, तर तिथेही डाळ-तांदूळ मोजा. बरं, मोजतात ते माझेच. त्या जादूगाराला कुणी विचारलंय, बाबा रे, तू काय खातोस?

"आणि पाणी रे?" काकू म्हणाल्या.

शीटवर एक पखाल. जेमतेम दोन लिटर. डीएमचा चेहरा उजळला. त्याने पानं उलटली: रोज एक गॅलन, कडक उन्हात दोन. म्हणजे साडेसात लिटर.

"तू चौथ्याच दिवशी मेलास. भिंतीपर्यंत पोचलाच नाहीस."

"दहा दिवसांचे पंचाहत्तर लिटर उचलायचे कसे?"

"टँकर मागवायचा," काकू म्हणाल्या. "आम्ही नाही मागवत?" आणि वडे आणायला आत गेल्या.

पाठीवर पन्नास फूट दोरही होता, दहा पौंडांचा. मरेपर्यंत वाहिला. भिंतीला लावायचा तेवढा राहिला.