दाजी, आधी त्या पॅनलचं दार लावा

गेल्या मे महिन्यात एका सकाळी सव्वाआठला दाजींचा फोन. "अरे, मशीन चालू केलं आणि पॅनलात फटाका वाजला. जळका वास पण येतोय." दाजींचं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेली बिडाची कास्टिंग्ज घासायची, टर्निंग करायची, भोकं मारायची, असं काम. तासाभरात पोचलो. पॅनल म्हणजे मशीनची वीज आणि कंट्रोल सांभाळणारं पत्र्याचं कपाट. त्याचं दार सताड उघडं, समोर घरनं आणलेला स्टँडचा पंखा, आणि हवेच्या जाळीत बसणाऱ्या फिल्टरच्या गाद्या कचऱ्याच्या पिंपात. दारावर खंडेनवमीला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक भिंतीकडं तोंड करून होतं, म्हणजे दार कित्येक दिवसांत लागलंच नव्हतं.

"हे कुणी सांगितलं?" म्हटल्यावर दाजींनी मोबाईल पुढं केला. त्यात एक फॉरवर्ड. "उन्हाळ्यात पॅनल ट्रिप होतंय? कंपन्यांचा खेळ ओळखा!" असं मथळ्यात, आणि खाली हिरव्या टिकांचे सात मुद्दे. थोडक्यात असे: फिल्टर हा गाद्या विकायचा धंदा आहे, काढून टाका. दार उघडं ठेवून समोर पंखा लावा. गरम हवा वर जाते, म्हणून पंखा वरच आणि हवा बाहेर फेकणारा पाहिजे. जितके जास्त पंखे तितकं थंड. तापमान बघून पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट काढा, पंखा डायरेक्ट जोडा. तयार मॉड्यूलर फॅन युनिट म्हणजे साध्या पंख्याला प्लास्टिकचं झाकण, घेऊ नका. आणि पॅनलचा एसी असेल तर अठरावर ठेवा. शेवटी पालींसाठी डांबरगोळ्यांची जोड.

हा मजकूर मला त्याआधी तीन वेळा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न बोलता पुसला होता. आता दाजींचा ड्राईव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं पॅनलातलं इलेक्ट्रॉनिक युनिट, गेल्यावर लिहितोय. अठरा वर्षं पॅनल वायरिंगच करतोय, आधीच लिहायला पाहिजे होतं.

सगळ्यात घातक मुद्दा दाराचा, म्हणून तोच आधी. दार उघडल्यावर आतलं तापमान उतरतं, हे खोटं नाही. ट्रिपिंग, म्हणजे गरम होऊन आपोआप बंद पडणं, थांबतं, म्हणून तर लोकांना पटतं. दाजींचंही पंधरा दिवस थांबलं होतं. पण त्या पंधरा दिवसांत पंख्यानं हवेबरोबर काय आत ढकललं, ते मी बोट फिरवून बघितलं. ड्राईव्हच्या टर्मिनलवर, वायरींच्या टोकांवरच्या फेरूलवर, मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या खाचांत काळी, तलम, काजळासारखी पूड. चुंबक जवळ नेला तर तिचे काटे उभे राहिले. बीड घासल्यावर उडणारी पूड ही लोखंड आणि ग्राफाइटची. दोन्हींतून करंट वाहतो. घरातली धूळ आणि ही धूळ यांत एवढाच फरक, पण तो पुरेसा आहे.

आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता. रात्रभर दमट हवा, पॅनल बंद म्हणून आतलं सगळं गार पडलेलं, पत्र्यावर दव. ती पूड ओलसर झाली. सकाळी मेन ऑन केल्याबरोबर ड्राईव्हच्या इनपुटच्या दोन फेजमध्ये आर्क बसला, म्हणजे मोठी ठिणगी उडाली. टर्मिनलचा काळा ठोकळा मधोमध फुटलेला आणि शेजारच्या पत्र्यावर तांब्याचे बारीक थेंब उडालेले.

यावर "योगायोग असेल" असं दाजींच्या वायरमनचं म्हणणं पडलं. तर ड्राईव्हचं मॅन्युअल काढा, जिथं तापमान आणि आर्द्रता दिलेली असते त्या पानावर "पोल्युशन डिग्री २" अशी एक ओळ सापडेल. म्हणजे आजूबाजूला किती आणि कसली घाण चालेल त्याची पायरी. ही व्याख्या आयईसी ६०६६४-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे. डिग्री १ म्हणजे घाण नाहीच, किंवा कोरडी आणि करंट न वाहणारी. डिग्री २ म्हणजे करंट न वाहणारी धूळ, कधीमधी दव पडलं तर तेवढं चालेल. डिग्री ३ म्हणजे करंट वाहणारी धूळ, किंवा ओल आल्यावर वाहायला लागेल अशी. डिग्री ४ म्हणजे कायम ओलं, पाऊस-चिखल. याच मानकात दोन टर्मिनलांमध्ये पृष्ठभागावरून किती अंतर हवं याचा तक्ता आहे. ४०० व्होल्टला साध्या दर्जाच्या इन्सुलेशनवर डिग्री २ असेल तर ४ मिलिमीटर पुरतात, डिग्री ३ ला ६.३ लागतात. ड्राईव्ह बनवणाऱ्यानं अंतर ठेवलंय डिग्री २ धरून. तुम्ही दार उघडून बिडाची पूड आत घेतली की त्याच टर्मिनलांना डिग्री ३ मध्ये ढकललंत. वॉरंटीवाला काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

हे झालं यंत्राचं. माणसाचं वेगळंच. उघड्या दारासमोर, हाताच्या अंतरावर ४१५ व्होल्ट. दाजींकडं कामाला एक वीस वर्षांचं पोर आहे, ते कूलंटनं ओल्या हातानं तो स्टँडचा पंखा सरकवायचं. बरं, मेन बंद केलं म्हणून ड्राईव्ह मेला असं नसतं. आतल्या कपॅसिटरांवर साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि ते उतरायला काही मिनिटं जातात. ड्राईव्हवर पिवळ्या त्रिकोणाशेजारी किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तो त्रिकोण कधी वाचला असेल असं वाटत नाही.

डांबरगोळ्यांचं इथंच उरकतो. गोळ्यांनी पाल पळते का नाही यावर मी वाद घालणार नाही. पण फाटक उघडं टाकून कुंपणाला कुलूप लावण्यात काय अर्थ आहे? दाजींच्या पॅनलात केबलच्या पट्टीमागं वाळलेली पाल होतीच, गोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

आता फिल्टर. गादी काढली की हवा वाढते, हे खरं. १२० मिलिमीटरचा साधा एसी पंखा मोकळ्यात तासाला दीडशे घनमीटरच्या आसपास हवा फेकतो. जाळी, गादी आणि हवा बाहेर जायच्या वाटेवरचा आउटलेट फिल्टर लावला की निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. म्हणून कॅटलॉगमध्ये दोन आकडे असतात, एक मोकळ्या हवेचा आणि एक आउटलेट फिल्टरसकटचा. लोक मोठा आकडा बघून खरेदी करतात आणि मग गादीला शिव्या घालतात. त्यावर इलाज एक माप मोठं युनिट घेणं हा आहे. गादी काढलीत तर पूड त्याच वाटेनं आत येणार, दार लावलेलं असो वा उघडं.

गादी धुवायची कशी, हेही कुणी सांगत नाही. आधी झटकायची, मग कोमट पाण्यात साधी साबणपूड टाकून बुचकळायची, पिळायची नाही, सावलीत पूर्ण वाळवायची. तेलकट झाली असेल तर धूत बसू नका, टाकून द्या. आणि कंप्रेसरची हवा पॅनलात मारायची सवय सोडा. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि धूळ बाहेर येण्याऐवजी कॉन्टॅक्टरच्या आत जाऊन बसते. हे मी आमच्याच पोरांना दरवर्षी सांगतो, तरी पाठ वळली की नळी हातात.

पंखा वर की खाली, यात फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे. गरम हवा वर जाते, म्हणून बाहेर जायची वाट वरच हवी. पण पंखा तिथं असायलाच पाहिजे असं नाही. खालून गार हवा गादीतून आत ढकलणारा पंखा लावला की पॅनलात बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब राहतो. फटी कुठंही असोत, त्यातून हवा बाहेरच जाते. वर ओढणारा पंखा लावला की उलटं. आत दाब कमी होतो आणि जिथं फट मिळेल तिथून हवा आत येते. छताला पंखा लावूच नये असं मी म्हणत नाही, खाली पुरेशा मोठ्या फिल्टरची वाट असेल तर तोही चालतो. दाजींकडं वायरमननं वर पंखा लावला होता आणि खालची जाळी घट्ट व्हावी म्हणून चक्क टेपनं बंद केली होती. देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून मी ती केबल आत जाणाऱ्या भोकाजवळ धरली. धूर सरळ आत. वायरमनला दाखवलं, तो म्हणाला, "मग हवा कुठनं येणार?" हेच विचारायचं होतं, बाबा.

जाता जाता एक गोष्ट. पंख्याच्या बॉडीवर दोन बाण असतात, एक पाती कुठं फिरतात त्याचा आणि एक हवा कुठं जाते त्याचा. बसवताना दुसरा बघायचा. उलटे बसवलेले पंखे मी इतके पाहिलेत की आता नवीन ठिकाणी गेलो की आधी कागदाचा कपटा धरतो.

"जितके पंखे तितकं थंड" याला एका हिशेबात उत्तर आहे. लागणारी हवा, तासाला घनमीटरमध्ये, म्हणजे पॅनलात तयार होणारी उष्णता वॅटमध्ये, भागिले आत आणि बाहेर यांच्या तापमानातला फरक, गुणिले एक आकडा. तो आकडा समुद्रसपाटीला ३.१ असतो, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यानं हवा थोडी विरळ, इथं ३.४ धरायचा. दाजींच्या पॅनलात ड्राईव्ह, सर्वो, ट्रान्सफॉर्मर, डीसी पुरवठा देणारा एसएमपीएस मिळून ५०० वॅट उष्णता धरली. शॉपमध्ये मे महिन्यात ३८ अंश. आत ४८ चालणार असतील तर फरक १० चा, म्हणजे १७० घनमीटर. एका बऱ्या युनिटचं काम. पण कुणी म्हटलं की आत ४० च पाहिजे, तर फरक उरला २ चा आणि हवा लागणार ८५०. आत ३८ पाहिजे म्हणाल तर भागाकारच होत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आत गार करणं पंख्याच्या बापालाही जमणार नाही, एक लावा नाहीतर दहा लावा.

म्हणूनच चंद्रपूर-नागपूरकडं, जिथं मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, तिथला कुणी "पंख्यानं काही होत नाही" म्हणाला तर त्याचं बरोबर आहे. तिथं पॅनलचा एसी लागतो, किंवा ड्राईव्ह एक नंबर मोठा घ्यावा लागतो. गरम पॅनल चालवत राहायचं असं मात्र नाही. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, त्यामुळं आज ट्रिप न झालेला ड्राईव्ह दोन वर्षांनी हिशेब चुकता करतो.

मॉड्यूलर युनिटबद्दल मात्र मला थोडं मान्य करावं लागेल. आतला पंखा बाजारात सुटा मिळतो तसलाच असतो आणि बरेच पैसे त्या प्लास्टिकचे असतात. मलाही ते टोचतं. पण प्लास्टिक काय करतं तेही बघा. खाली झुकलेल्या पट्ट्यांमुळं शिंतोडा आत जात नाही, कडेच्या गॅस्केटमुळं पत्र्याची फट बंद होते, आणि नीट बसवलं तर आयपी ५४, म्हणजे धूळ-शिंतोड्यापासून बचावाचा पॅनलचा दर्जा, टिकतं. पंखा आणि आउटलेट फिल्टर दोघांना एकाच मापाचं भोक लागतं, स्क्रू न लावता क्लिपवर बसतात, जागा बदलायची झाली तर अदलाबदल करता येते. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट, पुढची जाळी बाहेरून उघडून गादी बदलता येते, मशीन बंद न करता, पॅनल न उघडता. सुटा पंखा चार बोल्टवर लावला की गादी बदलायला दार उघडावं लागतं, आणि ते एकदा उघडलं की काय होतं ते वर लिहिलंय.

थर्मोस्टॅटशिवाय पंखा चालतो, चालू दे. फक्त रात्री मशीन बंद असतानाही तो दमट हवा आणि धूळ ओढत बसेल आणि गादी दुप्पट वेगानं भरेल. लावणार असाल तर निळ्या डायलचा घ्या. लाल डायलचा हीटरसाठी असतो, तो गरम झालं की सर्किट तोडतो. एका ठिकाणी लाल लावला होता. पंखा सकाळी गारठ्यात फिरायचा आणि दुपारी बंद.

एसी अठरावर ठेवणाऱ्यांनी एकदा जुलैत चिपळूणला किंवा रत्नागिरीला पॅनल उघडून बघावं. गार पत्र्यावर दमट हवा आली की पाणी सुटतं, टिपटिप. एसी ३५ वर ठेवला तरी ड्राईव्ह खूश असतो. आणि एसी लावल्यावर जुन्या पंख्याची भोकं बुजवा, नाहीतर एसी अख्ख्या कोकणाची हवा वाळवत बसेल.

दाजींच्या पॅनलाला आता खाली २२३ मिलिमीटरच्या चौकोनात फॅन युनिट आहे आणि वर त्याच मापाचा आउटलेट. भोक कापताना आतल्या सगळ्या मालावर प्लास्टिक टेपून घेतलं, कारण पत्र्याचा कीस ड्राईव्हमध्ये पडला तर परत पहिल्यापासून. नवीन ड्राईव्हचे पैसे ऐकून ताई दोन दिवस दाजींशी बोलली नव्हती. दारावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर गादी धुतल्याची तारीख लिहायची, दर सोमवारी, असं ठरलं होतं. परवा गेलो होतो. टेपवरची शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. दार मात्र लावलेलं होतं.