माफीचा दौरा

काल रात्री 'द ऑर्व्हिल' या अवकाशयानावरच्या इंग्रजी मालिकेचा 'मेजॉरिटी रूल' हा भाग पुन्हा पाहिला. २०१७ च्या ऑक्टोबरमधला, पहिल्या सीझनचा सातवा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसलो होतो. या वेळी मध्येच थांबवला आणि मोबाइल घेऊन स्वतःचीच एक जुनी कमेंट शोधत बसलो. ते पुढे सांगतो.

गोष्ट अशी. सार्गस ४ नावाचा ग्रह. सगळं आपल्यासारखंच, फक्त प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज. त्यावर दोन बाण, एक वर, एक खाली. येणारा-जाणारा कोणीही दाबून मोकळा. कोर्ट नाही, बहुमत हाच कायदा. यानावरचा जॉन लमार वेष बदलून तिथे उतरतो आणि गंमत म्हणून एका पुतळ्याला बिलगून अचकटविचकट नाचतो. पुतळा कोणाचा, त्याला पत्ताही नाही. कोणीतरी शूट करतं. खालच्या बाणाचा आकडा दहा लाखांवर गेला की अटक. मग वकील मिळत नाही, प्रसिद्धी सांभाळणारा माणूस मिळतो. टीव्हीवर फिरायचं, माफी मागायची. आकडा एक कोटीवर गेला तर 'करेक्शन', म्हणजे मेंदूवर उपचार करून माणसाची गरीब गाय करून टाकायची.

या विषयावर बोलणं निघालं की सगळे 'ब्लॅक मिरर' मालिकेच्या 'नोजडाइव्ह' या भागाचं नाव घेतात, जिथे प्रत्येक जण दुसऱ्याला गुण देत असतो. २०१६ चा तो भाग देखणा आहेच. घरावर सूट मिळावी म्हणून ४.२ गुणांवरून ४.५ वर जायला धडपडणारी लेसी, तिचं ते आरशासमोर हसण्याची तालीम करणं. पण लेसीकडे बघताना मला सुटका मिळते. 'आपण नाही बुवा इतके हपापलेले' असं म्हणता येतं. 'ऑर्व्हिल' त्या मानाने ओबडधोबड. सेथ मॅकफार्लेनने भाग लिहिलाय आणि यानाच्या कॅप्टनचं कामही त्याचंच, त्यामुळे काही विनोद आचरट आहेत. तरी घाव इथेच बसतो.

कारण लमारला वाचवतात कसं ते बघा. त्याची बाजू कोणी मांडत नाही. लायसेला नावाच्या तिथल्याच मुलीच्या सल्ल्याने यानावरचे लोक फीडमध्ये त्याच्याबद्दल खोट्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी सोडतात. झालं. मघाशी दात-ओठ खाणारी तीच माणसं विरघळतात आणि आकडा एक कोटीच्या जरा अलीकडे थांबतो. खरं काय ते ना शिक्षेच्या वेळी कोणी पाहिलं, ना दयेच्या. रागाला लागलेलं बोट तेच, कळवळ्यालाही तेच.

आता माझं. काही वर्षांपूर्वी एक क्लिप फिरत होती. रांगेत एक बाई समोरच्या माणसावर किंचाळतेय, जेमतेम बारा सेकंद. मी लिहिलं, 'अशांना घरी बसवलं पाहिजे.' भरपूर लाइक्स आले. दोन दिवसांनी अख्खा व्हिडिओ आला. तिच्या शेजारी व्हीलचेअरवर तिची आई होती आणि तो माणूस ती खुर्ची ढकलून पुढे घुसत होता. मग मी काय केलं? तो व्हिडिओ शेअर केला, वर रडका इमोजी आणि 'किती सहन करायचं बाईनं!' त्यालाही भरपूर लाइक्स. पहिली कमेंट काढायचं डोक्यातही आलं नाही. तेव्हा मला आपण संवेदनशील असल्यासारखं वाटलं होतं, हे सांगायला लाज वाटते.

काल ती सापडली. खाली कोणीतरी विचारलं होतं, 'ही कामाला कुठे आहे, कळेल का?'

त्यालाही मी लाइक दिलेलं होतं.